पुण्यात जुनी मोटारबोट घ्यायची? आधी पाणी बघा, मग बोट

पानशेत, मुळशी, पवना. या बॅकवॉटरच्या काठाला बंगले वाढले आणि त्यांच्या मागोमाग एक नवी हौस आली. दारात पाणी आहे, तर एखादी बोट का नको? नवी बोट खिशाला झेपत नाही, मग मोबाईलवर जुन्यांच्या जाहिराती चाळणं सुरू होतं. ‘वीस फुटी केबिन क्रूझर, इंजिन ए-वन कंडिशन, ट्रेलरसकट.’ फोटोत मागे हमखास मांडव्याचा नाहीतर गोव्याचा समुद्र. त्यातच पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि जुन्या इंजिनांचं काय होणार, हा प्रश्न गाड्यांवरून बोटींपर्यंत पोचला.

बहुतेक खरेदीदार इंजिनाचं वय, रंगरंगोटी आणि आतल्या गाद्या बघून सौदा ठरवतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बोट कुठल्या पाण्यात राहणार हे आधी ठरवावं, मग तिची मागची भिंत आणि कागद तपासावेत. इंजिनाचा नंबर त्यानंतर.

## ही बोट मुळात कशासाठी बनते?

केबिन क्रूझर म्हणजे पुढे छोटी खोली, दोन माणसांना आडवं होता येईल एवढी जागा, मागे बसायला मोकळी जागा आणि शेवटी इंजिन. इंग्लंडमध्ये थेम्ससारख्या नद्यांवर अशा हजारो बोटी फिरतात. थेम्सच्या भरती-ओहोटी नसलेल्या पट्ट्यात वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे आणि वाटेत चाळीसहून जास्त लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करणारी दोन दारांची खोली. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि बंधारा ओलांडून पुढे जायचं. त्यामुळे तिथे आठवडाभर नदीने प्रवास करता येतो आणि केबिनचा उपयोग होतो.

आपल्याकडे धरणांना असे लॉक नाहीत. मुळा, मुठा, पवना, भीमा या नद्या धरणांनी आणि बंधाऱ्यांनी तुकड्या-तुकड्यांत कापल्या आहेत. पानशेतला उतरवलेली बोट पानशेतलाच राहते. ती खडकवासल्याला न्यायची तर पाण्यातून बाहेर काढून रस्त्याने न्यावी लागते. म्हणजे बोटीचा अर्धा प्रवास ट्रेलरवरचा आहे, आणि हे एकदा मान्य केलं की निवडीतले निम्मे प्रश्न सुटतात.

## पुणे शहरातल्या नदीत चालेल का?

नाही. मुळा-मुठेत बोटिंगची परंपरा आहे. इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासूनचा, त्यांचा रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, आजही होतो, आणि बंडगार्डनच्या बाजूला रॉयल कॅनॉट बोट क्लब त्याहून जुना आहे. पण ती सगळी वल्ह्यांची परंपरा. मोटारबोटीचं इंजिन नदीचंच पाणी आत ओढून थंड होतं. जलपर्णी, प्लास्टिक आणि गाळ पाणी आत घेणाऱ्या जाळीत अडकला की काही मिनिटांत इंजिन तापतं. पात्र उथळ आहे ते वेगळंच.

उरतात धरणं. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि पुण्याच्या नळाला येतं ते त्यातूनच. पवनेचं पिंपरी-चिंचवडला. ही धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत आणि जलाशयात मोटारबोट उतरवायला परवानगी लागते. काठावर आपली सातबाऱ्यावरची जमीन असली तरी पाणी आपलं होत नाही. मुळशीची गोष्ट आणखी वेगळी. सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला ते हे धरण टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधलं गेलं आणि आजही टाटा पॉवरकडे आहे. तिथे विचारायचं तर त्यांना.

मोकळं, लांबरुंद पाणी हवं असेल तर भीमेवरचं उजनी. पूर्ण भरलं की सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेलं’ अशी बातमी येते तेव्हा उपयुक्त साठा संपून या मृतसाठ्यातून उपसा चालू झालेला असतो. काठ तेव्हा शेकडो मीटर आत सरकतो, पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं, जुन्या भिंती आणि झाडांची खोडं पाण्याखाली हातभर अंतरावर असतात. ऑक्टोबरात जिथून बोट आरामात गेली, तिथेच एप्रिलमध्ये इंजिनाचा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) फुटतो. म्हणून इथल्या बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे ती पाण्यात किती खोल बुडते ते माप, कमी हवा आणि इंजिन वर उचलता यायला हवं. ही दुसरी अट आऊटबोर्ड इंजिन पूर्ण करतं. ते बोटीच्या मागच्या भिंतीवर बाहेरून टांगलेलं असतं, उथळ आलं की तिरकं करून वर घेता येतं.

आतल्या बाजूला बसवलेलं इंजिन आणि बाहेर फक्त पंखा फिरवणारा पाय, अशा स्टर्नड्राइव्ह प्रकाराच्या बोटी जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. स्वस्त का, तर जिथे तो पाय बोटीतून बाहेर येतो तिथे रबराचे भाते असतात. ते फाटले की बोटीत पाणी शिरतं आणि ते बदलायला बोट बाहेर काढून पूर्ण पाय उतरवावा लागतो. पुण्यात ते काम करणारा हात सहज सापडत नाही. मी तरी हा प्रकार टाळायला सांगेन.

## किती मोठी, किती जोराची?

रस्त्यावर वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, म्हणजे बोट अडीच मीटरच्या आतली बरी. अठरा-वीस फुटी फायबरची केबिन बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून वजन दीड टनाच्या आसपास जातं. तुमची गाडी एवढं ओढू शकते का, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कंपनीने ओढण्याची परवानगीच दिलेली नसते. ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते. त्याचे टायर, बेअरिंग आणि दिवे नीट बघा. खाऱ्या पाण्यात उतरलेल्या ट्रेलरची बेअरिंग सगळ्यात आधी जातात. आणि ताम्हिणीच्या किंवा पानशेतच्या उतारावर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच.

जोराचा हिशोब तळाच्या आकारावर ठरतो. काही तळ पाणी बाजूला सारत चालतात. अशा बोटीला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा असते: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. अठरा फुटांना ते साडेपाच-पावणेसहा नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेदहा किलोमीटर. त्यापुढे कितीही मोठं इंजिन लावा, पेट्रोल जळतं आणि मागे लाट उठते, वेग फारसा वाढत नाही. दुसऱ्या प्रकारचा तळ वेग घेतल्यावर पाण्यावर चढून घसरत चालतो. त्याला खूप जोर लागतो, पन्नास-साठ हॉर्सपॉवर सहज.

संध्याकाळी चार जणांना घेऊन काठाकाठाने फिरायचं असेल तर पहिला प्रकार आणि दहा-पंधरा हॉर्सपॉवर पुरतं. या वेगाला बॅटरीची मोटारही चालते, आणि पिण्याच्या पाण्याच्या धरणावर तीच शोभते. पण जाहिरातीतल्या बहुतेक बोटी समुद्रासाठी बनलेल्या, खोल व्ही आकाराच्या तळाच्या असतात. त्या लाट कापतात खऱ्या, पण हळू चालवल्या की डुलतात आणि पेट्रोल पितात.

## मागची भिंत: पैसे इथे बुडतात

बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला ट्रान्सम म्हणतात. आऊटबोर्डचं सगळं वजन आणि सगळा रेटा या भिंतीवर येतो. जुन्या फायबर बोटींत ती बाहेरून फायबर आणि मधे प्लायवूड अशी असते. इंजिनाचे बोल्ट, शिडीचे स्क्रू, पाणी काढायच्या बुचाचं भोक, यातल्या एखाद्या जागेचा सीलंट सुकला की पाणी आत झिरपतं आणि प्लायवूड आतल्या आत कुजतं. बाहेरून चकचकीत रंग तसाच राहतो. डेकखाली लांबीला घातलेल्या आधाराच्या पट्ट्या आणि फळीचा गाभा यांचंही तेच होतं.

नव्या फ्लॅटचा ताबा घेताना आपण नाण्याने लाद्या वाजवून बघतो, पोकळ कुठे आहे ते कळायला. ट्रान्सम तसाच वाजवायचा. प्लास्टिकच्या किंवा लाकडी हातोडीच्या मागच्या टोकाने, वरून खाली, बोटभर अंतराने. धड भागाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा ढब्ब.

पानशेत रस्त्याला एका शेडमध्ये अशीच एक बोट बघायला एका मित्राबरोबर गेलो होतो. ताडपत्री काढली तर पांढरीशुभ्र, पॉलिश मारलेली. विकणारा इंजिनाचं झाकण उघडून उभा. ‘साहेब, हाफ सेल्फला चालू होतं, बघा तरी.’ आमच्याबरोबरचे मिस्त्री मात्र इंजिनाकडे वळलेच नाहीत. त्यांनी मागे बसून वाजवायला सुरुवात केली. बुचाच्या वर वीतभर जागेत आवाज बदलला. मग त्यांनी इंजिन पूर्ण खाली करून त्याच्या पायाला हात घातला आणि जोर लावून वरखाली हलवलं. इंजिनाबरोबर भिंतही हलली, किंचित, पण डोळ्यांना दिसेल इतकी. ‘दादा, शिडीचा एक स्क्रू काढू का?’ विकणारा म्हणाला, ‘काढा की, पण लाकडाच्या मागे कशाला लागताय?’ स्क्रू बाहेर आला, त्याच्यामागून तपकिरी पाण्याची बारीक धार आली आणि कुजक्या लाकडाचा वास. त्या शेडमध्ये बोट महिनोन्‌महिने कोरडी उभी होती.

ट्रान्समची दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवणं, फायबर कापणं, आतलं लाकूड खरवडून काढणं, नवं भरून परत फायबर चढवणं. होते, चांगली होते, पण स्वस्त जुन्या बोटीच्या किमतीशी तो खर्च स्पर्धा करतो. विकणाऱ्याने स्क्रू काढू दिला नाही, तर उत्तर मिळालंच आहे.

तळावर फोड दिसले तर त्याला ऑस्मॉसिस म्हणतात. फायबरच्या वरच्या थरातून पाणी आत जातं आणि आतल्या रसायनांशी मिळून फोड उठतात. फोडला की आंबटसर वासाचा द्रव येतो. पाच-सात फोड असतील तर घाबरू नये, भाव करावा. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला तो आजार सावकाश वाढतो. कुजलेला ट्रान्सम मात्र मी भाव करायच्या यादीत धरत नाही.

## ‘पण इंजिन तर एका सेल्फमध्ये चालू होतं!’

गरम इंजिन कुठलंही चालू होतं. तुम्ही पोचायच्या आधी चालवलेलं नको, हे फोनवरच सांगा आणि गेल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. गार इंजिन चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सतत यायला हवी. ती थंड करणारा पंप चालू असल्याची खूण. धार अडखळत असेल तर पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर तरी झिजलाय किंवा मिठाने वाट बुजलीय.

मग पायाच्या खालच्या टोकाला असलेल्या गिअरकेसचा तळाचा स्क्रू थोडा सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घ्या. तेल दुधी दिसलं तर सील गेलंय, पाणी आत शिरतंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत आहेत का, ते महत्त्वाचं. आणि पाण्यात चाचणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बादलीत पाय बुडवून चालवलेलं इंजिन ओझ्याखाली काय करतं ते कळत नाही.

चाचणीत पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत जायला हवं. इथे पुणेकरांसाठी एक खोच आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर वर आहोत. हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाचा जोर पाच-सहा टक्क्यांनी कमी पडतो. मुंबईत नीट चालणारा पंखा इथे जड जातो. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते माप, एक इंचाने कमी केला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम परत मिळतात. त्यामुळे आरपीएम थोडं कमी आलं म्हणून लगेच इंजिन नापास करू नये.

## इथेनॉलच्या पेट्रोलचं काय?

या बाबतीत भीती थोडी खरी आहे. बऱ्याच आऊटबोर्डच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली आहे आणि पंपावर २० टक्क्यांचं मिळतं. गाडी रोज चालते, टाकी आठ-दहा दिवसांत रिकामी होते. बोट महिनोन्‌महिने उभी असते आणि तिच्या टाकीला हवेसाठी उघडी वाट असते. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात मुळशीच्या हवेत ती किती असते हे सांगायला नको. ओल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशी असते.

शिवाय जुने रबरी पाइप आणि हाताने दाबायचा बल्ब इथेनॉलने फुगतात, चिरतात. बोटीतच ओतलेली जुनी फायबरची टाकी असेल तर तिचं रेझिन विरघळून इंजिनात चिकट थर बसल्याची उदाहरणं आहेत. अशी टाकी असलेली बोट नको. बाकीच्यांना उपाय आहे: पाइप आणि बल्ब नवे, पाणी वेगळं करणारा फिल्टर, सुटी टाकी, आणि लागेल तेवढंच पेट्रोल. जूनमध्ये टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

पेट्रोलचं इंजिन बंद खणात असेल तर आणखी एक धोका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात साचते आणि एका ठिणगीने पेटते. चालू करण्याआधी काही मिनिटं हवा बाहेर फेकणारा पंखा लावून तो खण मोकळा करायचा असतो. बोटीतला हा पंखा चालतो का बघा. केबिनमध्ये गॅसची शेगडी असेल तर तीही त्याच कारणाने धोकादायक. काढून टाकलेली बरी, चहा थर्मासमध्ये न्या.

## ‘समुद्रात टिकली, तर गोड्या पाण्यात काय होणार?’

समुद्रात टिकली की नाही, हेच तर तपासायचं असतं. मीठ इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतं, वायरींच्या जोडांत शिरतं, अॅल्युमिनिअमचा पाय पोखरतं. रंगाखाली पांढरी पूड आणि फुगवटे दिसतात का बघा. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुतलं असेल तर वीस वर्षांचं इंजिनही चांगलं निघतं. धुतलं नसेल तर पाच वर्षांतलंही नको.

पायाला लावलेला एक धातूचा तुकडा मुद्दाम झिजण्यासाठी असतो, म्हणजे बाकीचा धातू वाचतो. मिस्त्री त्याला सरसकट झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचा चालतो, पण गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून तो काम करेनासा होतो. तिथे मॅग्नेशिअमचा लागतो. बोट धरणावर आणली की पहिल्या आठवड्यात हा बदलावा. खर्च किरकोळ आहे.

## ‘घरच्यापुरतीच आहे, कागद कशाला?’

१९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आला. त्यात यांत्रिक बोटीला नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि विमा आहे. महाराष्ट्रात बोटींच्या नोंदणीचं काम सागरी मंडळाकडे. ‘खासगी बोटीला काही लागत नाही’ असं विकणारा म्हणाला तर मंडळाकडून ते लेखी आणायला सांगा. बोट बाहेरून आलेली असेल तर सीमाशुल्काची बिल ऑफ एंट्री हवी. अमेरिकन बोटीच्या मागच्या भिंतीवर उजवीकडे बारा अक्षर-अंकांचा हल नंबर कोरलेला असतो. १९८४ नंतरच्या बोटींत शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. हा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. घासलेला, रंगाने भरलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिरा.

## ‘धरणात कसल्या आल्यात लाटा?’

२१ मे २०२४ ला उजनीत कळाशी आणि कुगावच्या मधे वळवाच्या वाऱ्यात प्रवासी बोट उलटली. सात जणांपैकी एक पोहून बाहेर आला, सहा गेले. मोकळ्या पाण्यावर वारा जितक्या लांबून येतो तितकी लाट वाढते, आणि उजनीवर त्याला भरपूर लांबी मिळते.

इथे केबिन आडवी येते. उंच केबिन वाऱ्याला शिडासारखी पकडते. मागे लहान इंजिन असेल तर बोट तिरकी सरकत राहते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवता येत नाही. म्हणून मी पुण्याच्या पाण्यासाठी बसकी केबिन, किंवा केबिनऐवजी नुसतं कापडी छत घ्यायला सांगेन. रात्री बोटीत झोपायचं कुठे, तर बंगला काठावरच आहे. युरोपात बनलेल्या बोटींवर ए ते डी अशी श्रेणी लिहिलेली असते. डी म्हणजे शांत पाणी, लाट साधारण फूटभर. पवनेला ती चालेल, उजनीला सी घ्या. किती माणसं, किती वजन, हेही त्याच पाटीवर असतं, आणि पाहुणे आले म्हणून तो आकडा बदलत नाही.

लाइफ जॅकेट १०० न्यूटनचं घ्या; न्यूटन म्हणजे ते माणसाला किती जोराने वर उचलतं त्याचं माप. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी असतं, बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. जॅकेट अंगावर बांधलेलं हवं, सीटखाली रचलेलं नको.

## मग घ्यायची कधी?

मे अखेरीला आणि जूनमध्ये भाव सगळ्यात खाली असतो. पावसाळाभर बोट झाकून ठेवायची, बूच काढून नाळ उंच करून उभी करायची, उंदीर वायरी कुरतडणार नाहीत ते बघायचं, हे सगळं विकणाऱ्याला नको असतं. पण तेव्हा धरण तळाला गेलेलं असतं आणि चाचणी धड होत नाही. ऑक्टोबरात पाणी काठोकाठ असतं, रॅम्प वापरता येतो, बोट तासभर चालवून बघता येते, फक्त भाव चढलेला. मी ऑक्टोबर निवडेन. जूनमध्येच मोह झाला तर ट्रान्सम आणि कागद तेव्हा तपासून थोडी इसार रक्कम द्यावी, आणि पाण्यातली चाचणी पास झाल्यावरच बाकीचे पैसे, हे साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सहीने लिहून घ्यावं. पावसाळ्यात बोट विकणाऱ्याच्याच शेडमध्ये राहील आणि झाकायची जबाबदारी त्याची, ही ओळही त्यातच घालावी.